मावशीचा हात थांबला की

आमच्या बोर्डिंगात छडी चालवणारे मास्तर चार होते, पण आम्ही खरं भ्यायचो ते स्वयंपाकाच्या मावशीला. तिनं कधी कुणाला बोटसुद्धा लावलं नाही. सकाळी ती काठवट पुढ्यात घेऊन चुलीपाशी बसायची, ज्वारीच्या पिठाचा गोळा हातात घ्यायची आणि दारात उभ्या राहिलेल्या पोराकडं बघून एवढंच म्हणायची, "म्हण."

म्हणायचा तो त्या दिवशीचा सबक, म्हणजे धडा. पाठ म्हणून झाला की भाकरी, नाहीतर रांगेत मागं जाऊन पुन्हा घोकायचं. हा नियम शाळेचा नव्हता, तिचा स्वतःचा होता, आणि हेडमास्तरांनीही त्यात कधी नाक खुपसलं नाही. महिन्यातून दोनदा, एकादशीला, यातून सुटका व्हायची. त्या दिवशी अख्ख्या बोर्डिंगाला भगर आणि शेंगदाण्याची आमटी, काठवट भिंतीला उभी आणि सबकाला सुट्टी. एकादशी आम्हाला प्यारी होती ती यासाठी. विठ्ठलानं माफ करावं.

सरकारी कागदात गाव उस्मानाबाद, आमच्या तोंडात धाराशिव. राज्य निजामाचं, त्यामुळं शाळेत सगळं उर्दूतून. गणित उर्दूतून, भूगोल उर्दूतून, अहो, छडी खाताना "नहीं साहब" म्हणायचं तेही उर्दूतून! मी भूमकडच्या खेड्यातला. चौथीपर्यंत मराठीतून शिकलो, दरवर्षी पहिला आलो, आणि तो सगळा माज घेऊन बैलगाडीतून इथं उतरलो. वडील भूमच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटले होते की पोरगं धाराशिवला शिकतंय म्हणून. माज उतरायला मला आठ दिवस पुरले.

पहाटे घंटा, मग आडावर गार पाणी, मग लाकडी तख्तीला शाडू फासून ती उन्हात वाळवायची आणि बोरूनं अक्षरं गिरवायची. माझी अक्षरं म्हणजे मुंग्या शाईत बुडून बाहेर आल्यासारखी. शाळा लई कडक होती. सहामाहीत नापास झालं तर ताकीद मिळायची आणि वार्षिकला नापास झालं की वळकटी बांधायची आणि घरचा रस्ता धरायचा. तोंडी परीक्षा घ्यायला तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब यायचे, त्यामुळं वशिला नाही, विनवणी नाही.

आता माझा शहाणपणा ऐका. मावशीला अक्षर ओळखू येत नव्हतं. पोरगं अडखळलं की तेवढं तिला कळतं, असा मी हिशोब केला. म्हणजे न अडखळता काहीही म्हटलं तरी भाकरी पक्की! मला एकच सबक घडाघडा येत होता, पुस्तकातला दुसरा, लोमडीचा, म्हणजे कोल्हीचा. दुसऱ्या दिवसापासून मी रोज तोच म्हणायला लागलो. लोमडी भुकेली, लोमडी निघाली, लोमडीला द्राक्षं नाही पण बोरं मिळाली, संपलं. मावशी भाकरी टाकायची, वर ठेचा द्यायची. मी भाकरी हातावर घेऊन ऐटीत बाहेर यायचो आणि दोस्तांना डोळा मारायचो. पावसाळा असा मजेत गेला.

सहामाहीत साहेबांनी सहावा सबक विचारला. मला तोंड उघडता येईना. हेडमास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "वार्षिकला असंच झालं तर वडिलांना गाडी घेऊन बोलावीन."

माझं डोकं फिरलं. स्वभावच असा, चूक आपली असली की राग दुसऱ्यावर काढायचा. आडापाशी जाऊन तख्ती दगडावर आपटली, तिचा कोपरा उडाला. तिथून तसाच स्वयंपाकघरात शिरलो आणि मावशीवर ओरडलो, "तुम्हाला काय कळतंय? रोज भाकरी देत राहिला! तुमच्यामुळं गेलो मी!"

मावशी डाळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"लोमडीचा सबक," ती म्हणाली. "आखाडापास्नं रोज त्योच म्हणतुयास. लोमडीला बी कंटाळा आला आसंल बाबा."

धा वर्षं ती त्या चुलीपाशी बसत होती. धा वर्षं पोरं तिच्यापुढं तीच पुस्तकं म्हणत होती. पहिलीपासून सातवीपर्यंतचा एकूण एक सबक त्या बाईला तोंडपाठ होता.

"मग भाकरी का दिली?" मी कसंबसं विचारलं.

"उपाशी पोराच्या तोंडची भाकर मला न्हाय अडीवता येत," ती म्हणाली. "वाटलं, आज लाजंल, उद्या लाजंल. तू कसला लाजतुयास, कोडगा!"

मग ती उठली, आडापाशी गेली आणि माझी कोपरा उडालेली तख्ती घेऊन आली. त्या दिवसापासून ती तख्ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून बसली. "सबक आला की घिऊन जा," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला रांगेत पहिला उभा केला. सहावा सबक म्हणजे मुसाफिराचा. हा मुसाफिर तीनदा विहिरीवर येतो. पहिल्यांदा त्याच्याकडं दोरी नसते, दुसऱ्यांदा दोरी असते तर डोल, म्हणजे पोहरा, नसतो, तिसऱ्यांदा दोन्ही मिळतं आणि तो पाणी पितो. तिन्ही वेळा सुरुवात एकच, "मुसाफिर कुएँ पर पहुंचा." आणि तिथंच माझा पाय घसरायचा. पहिल्या खेपेतून मी थेट तिसरीत उडी मारायचो.

मी म्हणायला लागलो, मावशी थापायला लागली. थप थप थप, काठवटीवर भाकरी गोल फिरत मोठी होत होती. मी उडी मारली आणि तिचा हात थांबला.

"दोरी न्हाय, डोल न्हाय, अन् पाणी प्याला व्हय रे त्यो? जिभेनं वढलं का काय?"

मागं पोरं खदाखदा हसली. मी पुन्हा सुरू केलं, तिचा हात पुन्हा चालू झाला. चुकलो की थांबायचा. ज्वारीची भाकरी थापताना हात थांबला की कडा चिरायला लागतात, मग गोळा मोडून नव्यानं मळावा लागतो. तोवर अख्खी रांग खोळंबलेली. "मर्दा, नीट म्हण की, पोटात कावळे वरडाय लागलेत!" कुणी पाठीत गुद्दा घालायचं. मला रडू यायचं, राग यायचा, पण त्या हाताच्या तालावर सबक हळूहळू जिभेवर बसायला लागला. एक एक करत बारा सबक झाले. मुसाफिराचा मात्र दहादा म्हटला तर चारदा बिघडायचाच.

वार्षिक परीक्षा आली. लेखी परीक्षा शाळेत आणि तोंडी आमच्या बोर्डिंगाच्या ओसरीवर, कारण शाळेत जागा नव्हती. ओसरीच्या मागच्या भिंतीला लागूनच स्वयंपाकघर. साहेब रुमी टोपी घालून खुर्चीवर बसले होते आणि शेजारी हेडमास्तर उभे होते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. वडील गाडी घेऊन आलेत, बाजारातली माणसं त्यांना विचारतायत, "आलं व्हय पोरगं माघारी?" एवढंच दिसत होतं. माझं नाव पुकारलं. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि नेमकं पान निघालं मुसाफिराचं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. थप थप थप.

मी म्हणायला लागलो. पहिली खेप नीट पार पडली. "मुसाफिर कुएँ पर पहुंचा," मी म्हणालो, आणि पुढचे दोन शब्द म्हटले न म्हटले तोच पलीकडचा आवाज थांबला.

दोरी! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी थांबलो आणि दुसरी खेप पहिल्यापासून धरली. थप थप पुन्हा सुरू झालं. दोरी आली, डोल आला, मुसाफिर पोटभर पाणी प्याला. लबाडी म्हणा हवं तर. मी भिंतीकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

साहेबांनी मान तिरकी केली. "ये आवाज कैसी?"

हेडमास्तर क्षणभर स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बावर्चीखाना है साहब. रोटी बन रही है."

"अच्छा. बैठो, पास."

मी ओसरीवरून उडीच मारली. आडापाशी नाचलो, दिसेल त्याला मिठी मारली, एका मास्तरांनाही मारणार होतो. मग जेवणाची घंटा झाली आणि आम्ही पंगतीला बसलो. ताटात भगर पडली. भगरीवर शेंगदाण्याची आमटी.

मी ताटाकडं बघत राहिलो. शेजारच्याला विचारलं, "आज भाकरी न्हाय?"

"येडा का खुळा? एकादशी हाय आज."

ताट तसंच ठेवून मी उठलो. पंगतीत वाढत असलेल्या हेडमास्तरांनी मला उठताना बघितलं. एरवी पंगतीतून उठलं की छडी ठरलेली. त्यांनी तोंड फिरवलं आणि पुढच्या ताटात आमटी वाढली.

स्वयंपाकघरात काठवट आडवी होती. तिच्यात पिठाचा एकच गोळा होता, थापून थापून चिरलेला, मोडून पुन्हा मळलेला, मावशीच्या बोटांचे ठसे उमटलेला. चुलीवर तवासुद्धा नव्हता.

"मावशी," मी म्हणालो, "सकाळी भाकरी कुणाला थापत होता?"

ती पिठाचा डबा पुसत होती. झाकणावरची तख्ती उचलून तिनं माझ्या हातात दिली.

"तुझ्या मुसाफिराला," ती म्हणाली. "पाणी प्याला बिचारा, भूक लागली आसंल की."

मी तख्ती छातीशी धरून तिथंच चुलीपाशी बसलो आणि हुंदके देऊन रडलो. ती माझ्या डोक्यावरून पिठाचा हात फिरवत सारखी म्हणत होती, "अरं भगर निवतीय, आधी जेव जा."