सोपानरावांचा दम

सोपानराव अंतर कोसात मोजत नसत, दमात मोजत. मी गावात नवा असताना त्यांना मारुतीच्या देवळाची वाट विचारली होती. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन ते उभे होते. म्हणाले, "हितून देऊळ म्हंजे दीड दम. तुमच्या न्हाई, माज्या दमानं." मला काही कळलं नाही. मग भारा न उतरवताच त्यांनी छाती भरून श्वास घेतला, ओठातल्या ओठात 'हुतूतूतूतू' सुरू केलं आणि चालू लागले. मी मागून. पारापाशी श्वास सोडून "ह्यो झाला एक" म्हणाले, दुसरा घेतला, आणि तो निम्मा संपायच्या आत आम्ही मारुतीपुढे होतो. शेजारचं घाटनांदूर त्यांच्या लेखी नव्वद दम होतं. केज किती, असं विचारलं की "लई" म्हणून मोकळे होत, कारण तिथवर मोजत जायचा त्यांनाही कंटाळा होता.

तेव्हा निजामाचं राज्य. सरकारी शाळा तालुक्याला आणि तीही उर्दूत. पोरांना मराठी अक्षरओळख व्हावी म्हणून गावाने मला आणून देवळाच्या ओसरीत बसवलं होतं. मी मूळचाच भित्रा. समोरून कुत्रं आलं तरी वाट बदलणारा. पण या भित्रेपणामुळेच मला गावात मान मिळाला, आणि तो सोपानरावांनी मिळवून दिला. "मास्तर पान पडलं तरी दचकत्यात," असं त्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्यायच्या कानातून दम निसटायचा न्हाई. ह्यायलाच पंच करा."

चैत्रातल्या जत्रेला नदीच्या कोरड्या वाळूत आमच्या गावाचा आणि घाटनांदूरचा हुतूतूचा डाव होत असे. गडी एका दमात 'हुतूतू' म्हणत पलीकडे शिरतो, कुणाला तरी शिवतो आणि रेषेवर परत येतो. पलीकडच्यांनी धरून ठेवलं आणि दम तुटला, तर तो बाद. म्हणजे सगळी मदार दमावर, आणि दम तुटला की नाही हे सांगणाऱ्यावर. म्हणून दोन्ही गावं मिळून एकच पंच नेमत. सकाळी त्याने मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायची, कानाने ऐकलं तेवढंच सांगीन. मग हातात कडुलिंबाची डहाळी धरून गड्याच्या बाजूबाजूने चालायचं. दम तुटला की डहाळी खाली. त्यावर कुणी अवाक्षर काढायचं नाही, अशी रीत होती.

सोपानराव रेषा ओलांडायच्या आधी वाकून तिला तळवा टेकवत आणि माझ्याकडे न बघता म्हणत, "आलोच, मास्तर." शेजारच्या घरून विस्तव आणायला निघाल्यासारखं. सात वर्षं मी तो शब्द ऐकला आणि सात वर्षं ते परत आले.

आठव्या वर्षी पलीकडे तिघांनी त्यांना धरलं. दोघांनी कंबर, एकाने पाय. तिघांना ओढत ते रेषेकडे सरकत होते आणि मी कान लावून कडेने चालत होतो. दम तुटताना आधी बारीक होतो, मग कापरा होतो, मग तुटतो. त्या दिवशी तसं काही झालं नाही. भरलेला आवाज एकदम बंद पडला. धरणाऱ्यांनी हात सोडले तरी सोपानराव उठेनात. उताणं केलं तर ओठ जांभळे. मी छातीला कान लावला. माझा कान दोन गावांत नावाजलेला, पण आत काही नव्हतं. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं. कुणी पाणी मारत होतं, कुणी तळवे चोळत होतं. घाटनांदूरचाच एक थोराड गडी घाबरून त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दणके घालू लागला. "उठ की बे, उठ," एवढंच म्हणत होता, आणि रडत होता. किती वेळ गेला कोण जाणे. एकदाची सोपानरावांच्या घशातून घरघर आली.

तीन आठवडे ते बाजेवर होते. बैलगाडी पाठवून मोमिनाबादहून हकीमसाहेबांना आणलं. त्यांनी डोळे मिटून इतका वेळ नाडी धरली की त्यांना झोप लागली असावी असं मला वाटलं. मग म्हणाले, "चलने दो, खाने दो, खेत में बैठने दो. मगर साँस रोकना नहीं. एक बार दिल रुका, फिर चला, अल्ला की मेहेर. दूसरी बार का मैं नहीं बोलता."

गोदाबाई, सोपानरावांची बायको, दाराआड उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडून हकीमसाहेबांचं बोलणं मराठीत दोनदा वदवून घेतलं.

पावसाळ्यापर्यंत सोपानराव हिंडू-फिरू लागले. पण माझी भीती काही कमी झाली नाही. शाळेवरून जाताना ते मधेच थांबत आणि पागोटं नीट करत. पागोटं नीटच असे. मी पोरांना पाढे म्हणायला लावून त्यांच्या पाठीकडे बघत राही, आणि ते पुन्हा चालायला लागले की माझाही श्वास सुटे. रात्री आपलीच नाडी धरून बसायची खोड मला लागली.

गावाने तर त्यांना फुंकून फुंकून वागवायला सुरुवात केली. कुणी मोट धरू देईना, कुणी पोतं उचलू देईना. एका लग्नात हळद लावायला हात पुढे केला तर कुणीतरी वाटी हळूच बाजूला घेतली. मरून आलेल्या माणसाचा हात नको, असं तोंडाने कुणी म्हणालं नाही, पण ते कळायला काही लागत नाही. त्या दिवशी माझ्या ओसरीवर येऊन सोपानराव म्हणाले, "मी मेलतो म्हणत्यात. मंग ह्यो कोण बसलाय तुमच्याम्होरं?"

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत. "मास्तर, चैतात मी उतरणार. एकदा जाऊन परत येतो. मंग डाव सोडला. पर परत आलेला दिसला पायजे मी."

चावडीवर याच्यावर महिनाभर चर्चा झाली. पाटील म्हणाले, गावाचा मान गेला तरी चालेल, माणूस जायला नको. म्हातारा कोतवाल म्हणाला, ज्याचा जीव त्याला ठाऊक, आपण कोण अडवणारे. दोघांचंही मला पटत होतं. भित्र्या माणसाला सगळ्यांचंच पटतं.

गोदाबाई मात्र कुणाशी चर्चा करत बसल्या नाहीत. एक दिवस दुपारी ओसरीच्या पायरीशी आल्या आणि पदर सावरत म्हणाल्या, "मास्तर, तुमचं ऐकत्यात ते. मी बोलले तर म्हणत्यात, तू लई भेतीस. भेऊ नको तर काय करू? त्यायचे ओठ मी बगितलेत."

"मी सांगतो, वहिनी," मी म्हणालो.

आणि गेलोही. सोपानराव मळ्यात बाजरीची पाखरं हाकत बसले होते. मी पावसापाण्याचं बोललो, बैलाच्या शिंगाचं बोललो. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "गोदीनं धाडलं ना?" मी मान हलवली. "तुमी कावून भेता मास्तर? मेलतो मी, तुमी न्हाई." त्यांनी गोफण उचलून एक खडा भिरकावला आणि तेवढ्यानेच त्यांना धाप लागली. ती लपवायला ते वाकून दुसरा खडा शोधू लागले. मी बघितलं, हे त्यांनीही बघितलं. मी तसाच परत आलो आणि गोदाबाईंना तोंड दाखवायला चार दिवस लाजत होतो.

चैत्र आला. पंच होऊ नये असं मला फार वाटत होतं, पण मग दुसरा कुणी झाला असता आणि मी लांब लोकांत उभा राहिलो असतो. ते त्याहून भयंकर. सकाळी मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली तेव्हा माझा तळवा घामाने ओला होता.

डाव शेवटाला आला. आमच्याकडे दोनच गडी उरले, त्यातले एक सोपानराव. ते रेषेशी वाकले, तळवा टेकवला. मी वाट बघितली. ते काहीच बोलले नाहीत. तसेच उठले आणि आत शिरले.

इतक्या वर्षांत 'आलोच' चुकलं नव्हतं. मी डहाळी घट्ट धरली आणि चालू लागलो.

पलीकडे भलतंच घडलं. घाटनांदूरचे गडी त्यांच्यापासून सरकायलाच लागले. मागच्या वर्षीचं त्यांनाही आठवत होतं. सोपानराव आत गेले तसे गडी मागे हटले, आणखी आत गेले तसे आणखी मागे. धरायला कुणी तयार नाही. सोपानराव त्यांच्या मैदानाच्या मधोमध उभे राहिले, दोन्ही हात पसरले आणि 'हुतूतूतू' म्हणत एकेकाच्या डोळ्यात बघू लागले. त्यांना राग आला होता. मला धरा, असं ते सांगत होते. शेवटी एका तरण्या गड्याला लाज वाटली असावी. त्याने कंबरेला मिठी मारली. मग आणखी दोघे आले. दोघांनी कंबर, एकाने पाय. अगदी मागच्यासारखं.

लोकांनी ओरडायला सुरुवात केली. सोपानराव वाळूत आडवे, तिघांसकट रेषेकडे सरकताहेत. मी गुडघ्यावर बसून कान खाली नेला. दम चालू होता. बारीक झाला होता, पण कापरा नव्हता. मानेची शीर दोरीसारखी फुगली होती. हात रेषेपासून वीतभर. आणि त्यांच्या ओठांकडे माझं लक्ष गेलं. ते जांभळे होते की वाळूने मळले होते, ते मला आजही शपथेवर सांगता येणार नाही.

मी डहाळी खाली आपटली. "दम तुटला!"

दम चालूच होता. त्या गलक्यात तो पाच जणांनाच ऐकू आला: मला, त्या तिघांना आणि सोपानरावांना स्वतःला. तिघांनी ताबडतोब हात सोडले. त्यातल्या तरण्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. सोपानराव आणखी दोन-तीन क्षण 'हुतूतू' म्हणत राहिले. मग थांबले. उठले, अंगाची वाळू झटकली, माझ्याकडे पाहिलं. रीतीप्रमाणे पंचाला कुणी काही म्हणायचं नसतं. त्यांनी रीत पाळली आणि मैदानाबाहेर गेले.

मागे उरलेला एकटा गडीही बाद झाला आणि आम्ही हरलो. मानाचा नारळ घाटनांदूरला गेला. मास्तरचा कान गेला, असं लोक म्हणू लागले आणि मी ते म्हणू दिलं. त्यानंतर मी पंच झालो नाही. कित्येक दिवस मारुतीपुढून जाताना मी वर बघत नव्हतो.

सोपानराव सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी ओसरीवर येऊन बसले, जणू कालच उठून गेले होते. बाजरीचं बोलले, गोदाबाईंनी पाठवलेली भाकरी दिली. पुढे रोजचं येणं सुरू झालं. त्या डावाचा विषय मात्र कधी निघाला नाही. आणखी एक गोष्ट मी पाहिली. अंतर विचारलं की ते आता चार लोकांसारखं कोसात सांगत.

असे ते अकरा वर्षं जगले. शेवटच्या आजारात पायांवर सूज आली होती. मी रोज संध्याकाळी जाऊन बसे. एकदा ते म्हणाले, "मास्तर, उंबऱ्यापून बाजंवर याया दोन दम लागायलेत आता."

इतक्या वर्षांनी तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला आणि मला राहवलं नाही. म्हणालो, "सोपानराव, त्या दिवशी तुमचा दम तुटला नव्हता."

"म्हाईत हाय मला."

"मी भ्यालो होतो."

"मी बी भ्यालतो. रेघंला हात लावला अन् आलोच म्हणाया गेलो, तर तोंडातून निघंना." त्यांनी दोन श्वास घेतले. "अकरा वर्सं घावली. गोदीला दिली ती तुमी. लई झालं. पर मास्तर, त्यो दम माजा व्हता. तुटायचा तर माज्याच्यानं तुटला असता."

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी बरोबर केलं की चूक, हे मी नंतर पुष्कळांना विचारलं. सगळे बरोबरच म्हणाले. ज्याला विचारायला हवं होतं त्याने त्या संध्याकाळी सांगून टाकलं होतं.

चार दिवसांनी सकाळी मला बोलावणं आलं. घर माणसांनी भरलं होतं. मी बाजेशेजारी गुडघ्यावर बसलो आणि सवयीने कान खाली नेला. श्वास बारीक झाला होता. ऊन उंबऱ्यावरून आत आलं तोवर कापरा झाला. मग शांत झालं.

रडायला कुणी सुरुवात करेना. सगळे माझ्याकडे बघत होते. अकरा वर्षांत गावाने मला पंच केलं नव्हतं, पण त्या घटकेला त्या घरात दुसरा पंच नव्हता. मी एकदा घाई केली होती.

गोदाबाई पायाशी बसल्या होत्या. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मास्तर, आता सांगा."

मी आणखी बराच वेळ तसाच कान लावून राहिलो. मग सांगितलं.