कुणाचंच नसलेलं गाणं

आष्ट्याच्या आसपास ज्योतिबाची बेंजो पार्टी माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही. बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. गळ्यात अडकवायचा, वायर जोडायची आणि टेम्पोवरच्या कर्ण्यांतून गाव दणाणून सोडायचं. ज्योतिबानं सुरुवात केली की वरातीत काठी टेकत चालणाऱ्या म्हाताऱ्याचाही खांदा हलायचा. पण हा गडी घरात स्वतः काय ऐकतो, हे कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं, की बेंजोचा आवाज फाटायला लागला म्हणून गिटारवाले तारा कशा लावतात ते तो मोबाइलवर बघत बसला. आता मोबाइलला एकदा तुमची खोड कळली की तो पाठ सोडतोय होय? बघता बघता समोर एक पार्टी आली. तीन पोरी, एक दाढीवाला ड्रम बडवणारा, मागं मोटार लावायची शेड आणि भिंतीला टांगलेली सायकल. देश कुठला, भाषा कुठली, कशाचा पत्ता नाही. पण गिटारची ती पहिली ओळ कानात शिरली आणि ज्योतिबा हातातला घास खायचा विसरला. बायको, अनसूया, समोर बसून हाका मारून दमली.

पोरगी भार्गवी सांगलीत कॉलेजला. तिला त्यानं विचारलं, "खाली पॉवर पॉप लिवलंय, ते काय असतंय गं?"

"चाल गोड, गिटार दणक्यात आणि गाणं झटक्यात आटपायचं, आप्पा."

"आन् ते इंडी?"

"म्हणजे पाठीशी मोठी कंपनी नाही. स्वतःच वाजवायचं, स्वतःच रेकॉर्ड करायचं आणि स्वतःच खपवायचं."

"मग आपल्यातलीच की ही पोरं," ज्योतिबा म्हणाला, आणि त्याला मनापासून बरं वाटलं.

तिथून त्याला नादच लागला. रोज नवीन पार्टी शोधायची, चाल आवडली की बेंजोवर बसवायची. पार्टीत ड्रम वाजवणारा ज्ञानू हसायचा. "दादा, ह्यावर नाचणार कोण? नवरदेवाचं घोडं बिथरंल." पण हसता हसता त्यानंही त्या शेडवाल्या पोरींच्या गाण्याचा ठेका पक्का केला. दोघं ते घरीच वाजवायचे. वरातीत काढायची ज्योतिबाची छाती होत नव्हती, कारण वरातीला ओळखीचं लागतं.

आणि ओळखीचं म्हणजे भांडणाचं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हल्ली गाणी नुसती गाणी राहिलेली नाहीत, प्रत्येकावर कुणीतरी हक्क सांगितलेला असतो. आष्ट्याजवळच्या एका वाडीत तर वरच्या आळीच्या मंडळाचं गाणं वेगळं, खालच्या आळीचं वेगळं. ज्याचं आधी वाजेल त्याचा मान. फलटणकडं असाच क्रम चुकला म्हणून एका बेंजोवाल्याची बोटं दगडानं ठेचली होती. ज्योतिबानं तो माणूस दवाखान्यात बघितला होता. त्या दिवसापासून वाडीतल्या वरातीची सुपारी घेताना तो दहादा विचार करायचा.

उन्हाळ्यात वाडीत लग्न निघालं. नवरदेव वरच्या आळीचा, त्याचे मामा खालच्या आळीचे. म्हणजे दोन्हीकडची पोरं वरातीत, आणि दोन्हीकडची प्यालेली. मारुतीच्या देवळापुढच्या चौकात वरात आली आणि वरच्या आळीचा म्होरक्या विश्वजित टेम्पोपुढं आडवा झाला.

"आमचं वाजीव."

खालच्या आळीचा अवधूत दुसऱ्या अंगानं आला. तो आवाज चढवत नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटत होती. "आधी आमचं. न्हाईतर टेम्पो हलायचा न्हाई."

वाजणं थांबलं. बायका लेकरांना ओढून कडेला झाल्या. कुणीतरी उसाची कांडकी उपसली, कुणी कमरेचा पट्टा काढला. नवरदेवाचे वडील हात जोडत फिरत होते आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. ज्योतिबानं बोटांकडं पाहिलं. ह्याचं वाजवावं तर तो फोडणार, त्याचं वाजवावं तर हा. न वाजवावं तर दोघंही.

"ज्ञानू," तो पुटपुटला, "शेडवालं."

"दादा, मरायचंय का?"

"काढ म्हणतो न्हवं."

ज्ञानूनं ड्रमच्या काठ्या उचलल्या. पहिली ओळ कर्ण्यातून बाहेर पडली तशी दोन्हीकडची पोरं थबकली. हे काय? कुणाचं? विश्वजितनं अवधूतकडं बघितलं, अवधूतनं विश्वजितकडं. चिडायचं तरी कशावर? ज्योतिबाच्या मानेवरून घाम वाहत होता. त्यानं डोळे मिटून घेतले आणि चाल पुढं रेटली. ठेका पक्का होता, चाल गोड होती. मागनं कुणीतरी शिट्टी मारली. डोळे उघडले तेव्हा पट्टा हवेतच होता, पण तो आता नाचात फिरत होता. दोन्ही आळ्या एकाच धुरळ्यात उड्या मारत होत्या. अक्षता वेळेवर पडल्या.

त्या दिवशी ज्योतिबा जेवला नाही, इतका आनंद झाला होता. आपण शोधलेलं लोकांना आवडलं, आपल्या गाण्यानं एकाचंही डोकं फुटलं नाही. अनसूयेला त्यानं ते सगळं परत परत सांगितलं.

पण लोक ते लोकच. विश्वजितनं त्या नाचाचा व्हिडिओ मंडळाचं नाव घालून स्टेटसला ठेवला. बघता बघता त्या पोरींच्या गाण्याला वाडीत नाव पडलं, वरच्या आळीचं इंग्लिश. लग्नसराई संपायच्या आत खालच्या आळीत लग्न आलं, आणि सुपारी ज्योतिबालाच.

वरात त्याच चौकात पोचली. विश्वजित पोरं घेऊन वाटच बघत होता.

"आमचं इंग्लिश वाजीव."

अवधूत टेम्पोच्या फळीवर हात ठेवून उभा राहिला. "ते वाजलं तर आज कुणी घरला जात न्हाई."

यावेळी पोरांच्या हातात काय आहे, ते ज्योतिबानं बघितलंसुद्धा नाही. तो म्हणाला, "कुठलं इंग्लिश? मला न्हाई येत."

विश्वजितनं खिशातला मोबाइल काढून त्याच्या तोंडापुढं धरला. व्हिडिओत ज्योतिबाच होता. डोळे मिटलेले, तोंडावर हसू, बोटं नुसती पळत होती. इतका सुखी आपण कधी दिसलो होतो, हे त्याला स्वतःलाच आठवेना.

"ह्यो कोण मग? तुजा भाऊ?"

"चुकून वाजलं असंल तवा. मला खरंच येत न्हाई."

"वाजवून तर बघ."

ज्योतिबानं बटणांवर बोटं ठेवली आणि जाणूनबुजून चुकीचं वाजवलं. बेसूर, अडखळत, नुकता बेंजो धरलेल्या माणसासारखं. एवढ्या वर्षांत त्यानं कुठल्याही फर्माइशीला नाही म्हटलं नव्हतं. पोरं हसायला लागली. दोन्ही आळ्यांची. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. "म्हाताऱ्याला काय येत न्हाई," विश्वजित म्हणाला आणि बाजूला झाला. अवधूतनं फळीवरचा हात काढला. ज्योतिबानं एक जुनं, कुणी भांडणार नाही असं देवाचं गाणं धरलं आणि वरात चालायला लागली.

परतताना टेम्पोत ज्ञानू धुमसत होता. "सगळ्या गावानं तुला हसावं व्हय? तू मुद्दाम चुकलास, मला कळत न्हाई का?"

"बोटं शाबूत हायत न्हवं? तुजीबी, माजीबी."

"मग आता दुसरं नवीन शोध. ते काढू पुढच्या सराईला."

ज्योतिबाला रडू आलं होतं ते त्यानं दाबलं नाही, ज्ञानूपुढं लाज कसली.

"शोधणार हाय," तो म्हणाला. "रोज शोधणार. पण त्यातलं एकबी आता कर्ण्यावर यायचं न्हाई."