म्हातारीचं तेल

तेलाचा डबा हातात घेतला की मेस्त्री आधी वर बघायचे. दुष्काळाचं साल होतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं, हेही आपल्यासारखे ढगच शोधताहेत. ते ऊन मोजत असत. "आधी ऊन बगावं, मग डबा बगावा," असं म्हणून ते डबा माझ्यापुढे धरायचे, कारण डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला लागणारा चष्मा त्यांना कधीच वेळेवर सापडत नसे.

मी तेव्हा आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये रोजंदारीवर कारकून होतो. मेस्त्री शेजारच्या गॅरेजमध्ये. ट्रॅक्टर, जीप, मळीचे टँकर, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. पण केज तालुक्यात त्यांचं नाव झालं ते एकाच गाडीमुळे.

चांगलं गाळप झालेल्या एका वर्षी चेअरमनसाहेबांनी पुण्याच्या एका उद्योगपतीकडून जुनी परदेशी स्पोर्ट्स गाडी आणली. लाल, बुटकी, दोन दारांची. इंजिन मागे, आणि रेडिएटर नाहीच. ते हवेवर थंड व्हायचं. लोक पुढचं झाकण उघडून बघायचे आणि आत इंजिन नाही म्हटल्यावर एकमेकांकडे बघायचे. दर हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवायच्या दिवशी साहेब ती बंगल्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत चालवत आणायचे. एरवी ती गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली असायची. आईबापांच्या ऊसतोडीच्या कोपीतून पळून मेस्त्री तरुणपणी पुण्यात अशाच गाड्यांच्या गॅरेजात राबले होते. म्हणून ही गाडी त्यांच्याकडे आली. ते तिला म्हातारी म्हणायचे.

म्हातारीचं तेल मापायची तऱ्हाच निराळी. आपण गाडी बंद करून, थंड झाल्यावर पट्टी ओढतो. मेस्त्री गाडी चांगली तापवायचे, सपाट जागी उभी करायचे आणि इंजिन चालू ठेवून पट्टी ओढायचे. ट्रकचे ड्रायव्हर हसायचे. मेस्त्री एकेकाला शांतपणे सांगायचे, "तिचं तेल येगळ्या टाकीत ऱ्हातं. बंद गाडीवर मापलं तर पट्टी खोटं बोलती."

त्या उन्हाळ्यात त्यांनी तेलासाठी तीन आठवडे घालवले. दोन वर्षं पाऊस नव्हता. ऊस वाळून गेलेला, कारखाना जेमतेम सुरू होऊन बंद पडलेला, तोडीच्या टोळ्या कर्नाटकात गेलेल्या. आम्ही सकाळी मस्टरवर सही करायचो आणि दिवसभर बसून राहायचो. अशा वेळी हा माणूस केज, अंबाजोगाई, बीडच्या दुकानांत एकाच तेलाचे डबे शोधत फिरत होता. शेवटी औरंगाबादहून एसटीच्या पार्सलने ते आले. वीस-पन्नास नंबरचं जाड तेल.

"येवढी धावपळ कावून केली मेस्त्री? ट्रॅक्टरचंच टाकायचं की," मी म्हणालो.

"थंडीत चाललं असतं. ह्या उनात न्हाई. हवेवरचं इंजन म्हंजे नुसती हवा न्हाई, निम्मं थंड करायचं काम तेलच करतंय. आन त्यात जस्त पायजे. नव्या तेलात ते कमी करत्यात, मंग जुनं इंजन आतून खरवडतंय." एवढं बोलून ते दमल्यासारखे पायरीवर बसले. "कोन इचारतंय म्हना. पन आपल्याला म्हाईत असावं."

डबे त्यांनी माझ्या ताब्यात दिले. पुढच्या आठवड्यात तेल बदलायचं होतं.

त्याआधीच चेअरमनसाहेबांचे चिरंजीव, ज्यांना सगळे भैय्यासाहेब म्हणायचे, पुण्याहून आले. मित्राच्या लग्नाला त्यांना हीच गाडी घेऊन जायची होती. येताना ते चकचकीत डबा घेऊन आले होते. शून्य-वीस, अगदी पातळ, त्यांच्या नव्या मोटारीचं.

मेस्त्रींनी झाकण उघडून थेंबभर बोटावर घेतलं. "साहेब, हे हिला चालायचं न्हाई."

"सगळ्यात महागाचं आहे मेस्त्री. कंपनीचे इंजिनिअर काय वेडे आहेत?"

"नव्या गाडीला एक नंबर हाय. ही म्हातारी हाय. हिच्या सांध्यात फटी पडल्यात. तापली की हे पान्यावानी हुईल, दाब ऱ्हायचा न्हाई."

भैय्यासाहेब हसले आणि निघून गेले. मेस्त्रींना वाटलं, विषय संपला.

रविवारी मेस्त्री सही करून गावाकडे गेले. बायको तापाने पडली होती. दुपारी भैय्यासाहेब स्टोअरमध्ये आले. "गॅरेजची किल्ली तुझ्याकडेच असते ना? चल, हे तेल बदलून दे."

मी म्हणालो, "मेस्त्री उद्या येतील."

"मला उद्या सकाळी निघायचंय. तुझं कायम व्हायचं प्रकरण बाबांच्या टेबलावर आहे ना?"

त्यांनी ते धमकीसारखं म्हटलं नाही, सहज विचारल्यासारखं म्हटलं. मी उठलो. मेस्त्रींनी मला कितीदा दाखवलं होतं, त्यामुळे हात आपोआप चालले. जुनं तेल काढलं, नवं ओतलं. ते इतकं पातळ होतं की ओतताना आवाजही झाला नाही. वीस-पन्नासचे डबे मागच्या फळीवर होते. मी तिकडे बघितलं नाही.

सोमवारी गाडी मांजरसुंब्याच्या घाटात बसली. इंजिन आतून जाम झालं होतं. भर उन्हात ती ट्रकवर चढवून परत आणली, तेव्हा सगळे गॅरेजपुढे जमले होते. मेस्त्रींनी खाली वाकून बोल्ट सैल केला. पाण्यासारखे पातळ चार थेंब पडले. त्यांना लगेच कळलं. त्यांनी मान वर करून आधी भैय्यासाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

चेअरमनसाहेबांनी विचारलं, "तेल कुणी बदललं?"

भैय्यासाहेब मोबाइलमध्ये बघत होते. मी हातातल्या गॅरेजच्या किल्लीकडे.

"मी," मेस्त्री म्हणाले.

"तुम्ही?"

"चूक झाली साहेब."

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांच्याजवळ अभिमान बाळगण्यासारखी एकच गोष्ट असते. मेस्त्रींना शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. कुठल्या इंजिनाला कुठलं तेल, एवढंच होतं. ते त्यांनी सगळ्यांदेखत देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना गॅरेजमधून काढून टँकरवर टाकलं. मळीचे टँकर धुऊन त्यातून गावोगावी पाणी जात होतं. आठ दिवसांनी मी हिय्या करून त्यांच्या शेजारी केबिनमध्ये जाऊन बसलो. पहिल्या गावात पाइप सोडला, हंड्यांची झुंबड उडाली.

"पोरं म्हनत्यात, कारखान्याचं पानी गोड लागतंय," ते म्हणाले. "कितीबी धुवा, मळीचा वास जात न्हाई."

"मेस्त्री, कावून असं बोललात तुमी?"

त्यांनी पाइप पुढच्या हंड्यात सरकवला. "तुजं नाव सांगितलं असतं तर तू घरी गेला असता. भैय्यासाहेबाचं सांगितलं असतं तर दोगंबी गेलो असतो. माजी चार वर्सं ऱ्हायली हायती. टँकरवर निगतील."

"मी सांगतो साहेबांना."

"आता नगं. लई कटाळा आलाय."

मी नाही सांगितलं. त्यांनी नको म्हटलं, हे कारण मला पुरलं. पावसाळ्यानंतर माझं कायम झाल्याचं पत्र आलं. मेस्त्री गॅरेजमध्ये परत आले नाहीत. त्यांच्या जागी आलेला माणूस सगळ्या गाड्यांत एकच तेल टाकायचा. चार वर्षांनी मेस्त्रींच्या निरोपाला हार आणि नारळ दिला, भाषण कुणी केलं नाही.

पुढे चेअरमनसाहेब निवडणूक हरले. त्यांच्या काळातल्या एका कागदावर सही घ्यायला मी बंगल्यावर गेलो होतो. साहेब ओसरीवर एकटेच बसले होते. का कोण जाणे, मी सगळं सांगून टाकलं.

ते सही करत म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं. तो माणूस तसलं तेल हातात धरणार नाही."

"मग साहेब..."

"पोरगा समोर उभा होता," ते म्हणाले आणि कागद माझ्याकडे सरकवला.

त्यानंतरच्या रविवारी मी मेस्त्रींच्या गावी गेलो. साहेबांना माहीत होतं, हे त्यांना सांगायचं होतं. चूक त्यांची नव्हती, हे निदान एका माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. दाराला कुलूप होतं. अंगणातला पाण्याचा ड्रम पालथा घातलेला. शेजारची म्हातारी बाहेर आली.

"मेस्त्री व्हय? लेकीकडं गेल्यात, चाकनला. डोळ्याचं आपरेशन झालं. आता काय माघारी येत न्हाईत ते. काय काम हुतं?"

वाटेत मी सगळं मनात जुळवून आणलं होतं.

"आले कधी, तर सांगा," मी म्हणालो, "स्टोअरवाला आलता."

म्हातारी थांबली. "येवढंच सांगू?"

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. मी मान डोलावली आणि निघालो.