फलाट क्रमांक दोन

परशुराम मांडवकरांनी ठाण्यात खोपटच्या एसटी स्टँडवर बावीस वर्षं गाड्या पुकारल्या. कागदावरचा हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा. पण डोंबिवलीत बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं, काका काय करायचात, तर ते एवढंच सांगत, "गाड्या पुकारायचो."

सांगताना मान जराशी वर व्हायची. कारण ते काम सोपं नव्हतं. दहा इंजिनं घुरघुरतायत, शेंगदाणेवाला ओरडतोय, कुणाचं पोर भोकाड पसरून बसलंय, आणि त्या गलक्यात देवरुखच्या म्हातारीला देवगडच्या गाडीत चढू द्यायचं नाही. नवे नियंत्रक माइक तोंडाला लावून बोंबलायचे. मांडवकर त्यांना बाजूला घ्यायचे. "ओरडू नको रे. ओरडून आवाज मोठा होतो, शब्द मोठा नाय होत. वायच थांब. ड्रायव्हर गिअर टाकायला क्लच दाबतो ना, तेवढ्यात गलका खाली बसतो. त्या फटीत गावाचं नाव सोड. आणि शेवटचं अक्षर खाऊ नको. कुणाचं तरी गाव असतं ते."

असा हा माणूस. आणि त्याच्याच घरात त्याच्या बायकोला टीव्हीवरचा शब्द कळेना.

मालनकाकू लांज्याच्या. बोलायला फटकळ, कामाला दांडग्या. जुना डब्याचा टीव्ही गेला नि मुलीने भिंतीएवढा पातळ टीव्ही आणला, तेव्हापासून त्यांचं मालिका बघणं हळूहळू सुटलं. संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत बसायच्या. नवऱ्याने हाक मारली तर म्हणायच्या, "तुम्ही बघा. मला सगळा ठाव हाय पुढे काय होणार ता."

एकदा मांडवकर म्हणाले, "कान दाखवूया का गो डॉक्टरला?"

"कानाला काय धाड भरली? टीव्हीच मेला तोंडातल्या तोंडात बोलतो!"

तरी एकदा डॉक्टरकडे गेले दोघं. डॉक्टर म्हणाले, वयाने थोडं कमी झालंय, मशीन लावण्याइतकं नाही. काकूंनी रिपोर्टची घडी करून नवऱ्याच्या खिशात कोंबली. "ठेवा. सारखा काढून वाचा."

विषय तिथेच मिटला असता. पण त्या आठवड्यात पुण्याहून कृतिकाचा फोन आला. कृतिका ही एकुलती एक मुलगी. शाळेपासून कबड्डी खेळायची, गुडघा गेला नि मैदान सुटलं. मग डोंबिवलीतल्या स्पर्धांमध्ये ती हातात माइक घेऊन सामने सांगायला लागली. आधी मंडळांच्या, मग जिल्ह्याच्या. आता महिलांची राज्य स्पर्धा टीव्हीवर दिसणार होती आणि मराठी समालोचन कृतिका करणार होती.

"शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, बाबा. आईला सांग, पूर्ण सामना बघायचा."

काकूंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं. रात्री जेवताना मात्र त्या ताटातला भात सारखा करत म्हणाल्या, "कबड्डीत लोक लय आरडाओरडा करतात ना?"

"करतात."

"मग ही काय बोलते ता कसा कळणार मला?"

कानात काही बिघाड नाही असं ठणकावून सांगणारी बाई हे म्हणाली. मांडवकरांचा घास हातातच राहिला. अख्ख्या महाराष्ट्राला आपल्या मुलीचा शब्द कळणार, आणि आईला नुसता गलका ऐकू येणार? बावीस वर्षं आपण काय केलं मग?

खालच्या मजल्यावर महिपत पाटील राहायचे. बिल्डिंग त्यांच्याच शेतावर उभी. दोन मजले अजून त्यांच्या नावावर. दिलदार माणूस, फक्त त्यांच्या हॉलमध्ये माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते आणि लग्नातल्या हळदींच्या मोसमात वरच्या मजल्यावरच्या कपबश्या नाचायच्या. मांडवकर टीव्हीखाली ठेवायचा साउंडबार, म्हणजे वेगळा लांबट स्पीकर, घेणार हे त्यांना कळलं तसे ते वर आले.

"भाऊ, साउंडबार घ्याचा तं धडधडीचा घ्या. छातीत वाजला पायजे!"

"छातीत नको, महिपतशेठ. कानात वाजला पाहिजे."

"आवं, पर बेस बिगर मजा नाय!"

"मजा नकोय. मुलगी काय बोलते ते पाहिजे."

गुरुवारी दोघं नवराबायको स्टेशनजवळच्या दुकानात गेले. मांडवकरांची तयारी झालेली. काकूंच्या शिवणाच्या टेपने त्यांनी टीव्हीच्या दोन पायांमधली जागा मोजली होती, टीव्ही खाली किती उचललेला आहे तेही मोजलं होतं, म्हणजे बार पुढे ठेवला की रिमोटचा डोळा झाकायला नको. आणि मोबाइलमध्ये एक आवाज भरून आणला होता. स्वतःचाच.

दुकानात जागृती नावाची मुलगी होती. तिने कौतुकाने सगळ्यात मोठा बार लावला, सोबत जमिनीवर ठेवायचा वेगळा डबा. गाणं सुरू झालं तशी काचेच्या कपाटातली इस्त्री थरथरली.

"कसा वाटला, काका?"

"जोरात आहे. आता हे लाव." त्यांनी मोबाइल पुढे केला. "आणि मालन, तू तिकडे फ्रीजजवळ उभी राहा. पाठ करून."

"पाठ कशाला? मी काय चोर शिपाय खेळायला आलेय?"

"स्टँडवर कुणी पुकारणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही गो. पिशवी बांधता बांधता ऐकायचं असतं."

जागृतीने मोबाइल जोडला. मांडवकरांचा आवाज दुकानात उभा राहिला. अगदी स्टँडवरचा. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. ठाण्याहून संगमेश्वर मार्गे देवरुखला जाणारी गाडी..." मागे मुद्दाम पंखा, मिक्सर आणि रस्त्याचा हॉर्न भरलेला. गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. एकाने हसून पिशवी उचलली.

"काय ऐकलंस?" मांडवकरांनी विचारलं.

"मिक्सर," काकू पाठमोऱ्याच म्हणाल्या. "लय छान ऐकू येतो मिक्सर."

दुसरा बार लावला. "आता पंखा." तिसरा लावला, तर त्यात सगळंच एका बोगद्यातून आल्यासारखं. जागृतीला आता चेव चढला. तिने एक छोटासा, हातभर लांबीचा बार काढला, रिमोटवरचं एक बटण दाबलं.

"काकी, याला बोलण्यासाठी वेगळं बटण आहे. माणसाचा आवाज पुढे येतो, बाकीचं मागे जातं."

पुन्हा तेच पुकारणं. काकू ऐकत राहिल्या. मग फ्रीजकडेच बघत म्हणाल्या, "संगमेश्वर मार्गे देवरुख. त्यानंतर देवगड. मग पाली. आणि पाली म्हणताना तुम्हाला खोकला आलेला, तो गिळलात तुम्ही."

मांडवकरांनी मोबाइल बंद केला. "हाच दे, मुली."

"काका, मोठा पण ऑफरमध्ये आहे..."

"मोठा नको. हिला खोकला ऐकू आला."

बिल करताना जागृती सहज बोलून गेली, "काकी, हल्लीच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते. खाली नाहीतर मागे तोंड करून बसवतात. आवाज आधी भिंतीला जातो. सगळ्यांचीच तक्रार असते."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. रिक्षात बसल्यावर बोलल्या. "टीव्हीच तोंडातल्या तोंडात बोलतो, असा कोण म्हणालेला?" घरी पोचेपर्यंत तीनदा विचारलं.

बार शनिवारी दुपारी घरपोच आला. महिपतशेठ स्वतः जोडायला हजर. "यो काय आनलाव भाऊ, पट्टी हाय का साउंडबार!" म्हणत त्यांनी वायर काढली, टीव्हीमागे हात घातला, चाचपलं, खुपसली. बारवर हिरवा दिवा लागला. टीव्ही लावला. आवाज आला, पण टीव्हीतूनच, तोच तोंडातल्या तोंडातला. बार गप्प.

वायर काढली, फुंकली, परत लावली. टीव्ही बंद करून चालू केला. बार गप्प. घड्याळात साडेपाच वाजले.

"पीस खराब हाय, भाऊ. आज ऱ्हाऊ द्या. माझ्या घरी चला, माझ्या स्पीकरवर बघू सामना."

काकू दारात उभ्या होत्या. नवी साडी नेसलेल्या. "तुमच्या स्पीकरवर, भावोजी, मला फक्त पब्लिक ऐकू येईल," त्या म्हणाल्या आणि आत निघाल्या. पालेभाजीकडेच.

मांडवकर उठले. चष्मा लावला, टॉर्च घेतली, टीव्ही भिंतीपासून दोन इंच पुढे घेऊन मागे वाकले. तीन भोकं ओळीने, खाली बारीक अक्षरात आकडे. एक, दोन, तीन. दोनच्या पुढे कंसात इंग्रजीत ए, आर, सी. त्यांनी खिशातलं बिल काढलं. जागृतीने मागे पेनने लिहिलं होतं: वायर ए-आर-सी लिहिलेल्या जागेतच लावा.

"महिपतशेठ, बारची वायर कुठे लावलीत?"

"एक नंबरला. दोन नंबर भरलेला व्हता. होल सगळी सारखीच ना?"

"सारखी कशी?" मांडवकरांचा आवाज बदलला. काकू आतून थांबून ऐकायला लागल्या. हा आवाज घरातला नव्हता. "दोन नंबर फलाटावर सेट टॉप बॉक्स उभा आहे. केबलवाल्याने जागा दिसली तिथे लावला. आणि त्या फलाटावरून आवाज बाहेर जातो. बाकीच्या दोन्हींवरून फक्त आत येता येतं. ज्याची सुटायची गाडी आहे त्याला जागाच नाही!"

त्यांनी सेट टॉप बॉक्सची वायर दोनमधून काढून तीनमध्ये लावली. बारची एकमधून काढून दोनमध्ये. टीव्ही लावला.

पडदा काळा. मधोमध लिहिलेलं: सिग्नल नाही.

"गेला!" महिपतशेठनी डोक्याला हात लावला. "व्हता तो पन गेला!"

पावणेसहा. पण मांडवकर हसत होते. "गेला नाही. फलाट बदलला आणि पुकारलं नाही आपण. प्रवासी अजून दोनवरच उभे आहेत." त्यांनी रिमोट घेतला, सोर्सचं बटण दाबलं, यादीत तीन नंबरवर गेले. चित्र आलं. मग सेटिंग, आवाज, आवाज कुठून काढायचा. टीव्हीचा स्पीकर सोडून खालचं नाव निवडलं. ओके.

बारमधून माणसाचा आवाज आला. कुठल्याशा तेलाची जाहिरात, पण शब्द न् शब्द कळत होता. महिपतशेठ उठून उभे राहिले. "आयला, भाऊ! तुमी तं इंजिनेर निगालाव!"

"इंजिनिअर नाही. कंट्रोलर," मांडवकर म्हणाले.

सहाला सामना सुरू झाला. मांडवकरांनी बोलण्याचं बटण दाबलं. काकू पलंगाच्या कडेला बसल्या, पदर मुठीत. मैदानावर शिट्ट्या, ढोल, हजारभर लोकांचा गलका. आणि त्यातून कृतिका.

"उजव्या कोपऱ्यातून चढाई... मध्यरेषा ओलांडली... बोनसचा प्रयत्न..."

गलका चढला. इतका की पुढचं काही कळणार नाही असं वाटलं. कृतिका बोलली नाही. थांबली. चढाईपटू वळली, गर्दीचा श्वास अडकला, आणि त्या फटीत कृतिकाने खेळाडूचं नाव टाकलं. पूर्ण. शेवटचं अक्षरही न खाता. "...आणि पकड!"

मालनकाकूंनी नवऱ्याकडे बघितलं. "ऐकलात? ही तुमच्यासारखी थांबली."

मांडवकर चष्मा काढून बनियनने पुसत बसले.

"लगीन झाल्यावर मी डबा घेऊन यायची ना स्टँडवर," काकू म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही थांबलात की मला वाटायचा, विसरले वाटता हे. मग कळला. गिअरसाठी थांबता."

"श्शू, वहिनी, सामना!" महिपतशेठ म्हणाले.

"बोलू द्या हो, भावोजी. मला दोन्ही ऐकू येतंय."

मध्यंतराला त्या उठल्या, स्वयंपाकघरातून निवडायची मेथी घेऊन आल्या आणि टीव्हीसमोर बसून निवडायला लागल्या. पडद्याकडे बघायची गरज नव्हती. एकेक चढाई कानांनी कळत होती. कृतिकाने नाव घेतलं की त्या काडी मोडता मोडता पुटपुटायच्या, "हां, हीच ती. सांगलीची पोर."

सामना संपल्यावर फोन आला. मांडवकर म्हणाले, "चांगलं झालं." एवढंच. काकूंनी फोन हिसकावून घेतला.

"काय बोललीस ता सगळा कळला गो. आणि दुसऱ्या डावात एकदा तुला खोकला आलेला. तो गिळलास तू. बाबासारखा."