पाणी तोडायची वेळ

परसातल्या कांद्याच्या आज माना पडल्या. कालपर्यंत ताठ उभी असलेली पात गळ्याशी वाकून मातीवर आडवी झालीय. कांदा भरला की असंच होतं. मग त्याचं पाणी तोडायचं, म्हणजे तो टिकतो. हे मला ह्यांनीच शिकवलं. ऐन थंडीत कानटोपी घालून ह्यांनी हा वाफा लावला, आणि पात वीतभर व्हायच्या आत गेले.

शेजारच्या शांताबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, “वहिनी, आता पाणी घालू नका हं. सडतील सगळे.”

“नाही घालत,” मी म्हटलं.

ज्याचं वाढणं संपलं त्याला पाजत राहिलं की ते आतून नासतं, एवढं मलाही कळतं. दवाखान्यात डॉक्टर असंच हळू आवाजात म्हणाले होते, “सलाईन आता थांबवू या. अंगात मुरत नाही, नुसती सूज चढतेय.” तेव्हा मी शहाण्यासारखी मान हलवली होती. सगळे म्हणाले, बाई धीराची आहे. धीराची म्हणे!

आता ऊन उतरलंय. शांताबाई आत गेल्यात. मी झारी भरून आणलीय, आणि त्या पडलेल्या मानांवर थोडं थोडं पाणी घालतेय.