आवडाबाईने विचारलेला शब्द

आवडाबाईचा राग सगळ्या कोळीवाड्याला ठाऊक होता. सुकटीत कुणी वाळू मिसळली तर भर बाजारात ती त्याची टोपली उपडी करायची. पण एकोणीसशे सहासष्ट साली तिला जो राग आला, तो मरेपर्यंत उतरला नाही.

काशीदजवळच्या त्या वस्तीत गोड्या पाण्याची विहीर एकच. बाकीच्या मचूळ. सरपंच धर्माजी मुंबईची गिरणी सोडून गावी आला आणि विहिरीच्या वरच्या अंगाला पंधरा पावलांवर त्याने संडास बांधला. गावातला पहिलाच, म्हणून लोक बघायला गेले. वर्षभरात घराघरांत मुदतीचा ताप शिरला. आरोग्य खात्याचा माणूस आला, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन गेला.

फाल्गुनात कागद आला. सरकारी कागद तेव्हा नुकते मराठीत येऊ लागले होते. धर्माजीने देवळापुढे तो अडखळत वाचला, "सूक्ष्मजीवशास्त्रीय परीक्षणान्ती सदरहू जलनमुना प्राशनास अयोग्य आढळला."

"म्हंजे काय?" आवडाबाईने विचारलं.

धर्माजी खाकरला. "शास्त्र म्हणतंय ना त्यात? आपलं शास्त्र चुकलंय. देवीचा मान राहिलाय."

बोकड कापला. कागद पंचायतीच्या खिळ्याला अडकला. पाणी तेच राहिलं.

वैशाखात आवडाबाईची एकुलती मुलगी राही तापाने पडली. चौदा वर्षांची पोर. घशाला कोरड पडून सारखं पाणी मागायची, आणि आई त्याच विहिरीचं पाणी तिच्या तोंडात घालायची. बाविसाव्या दिवशी राही गेली.

तेरावं उरकलं तशी आवडाबाईने खिळ्यावरचा कागद ओढून काढला, पदरात बांधला, तरीने खाडी ओलांडली आणि एस.टी.ने अलिबाग गाठलं.

"ह्या शब्दाचा अर्थ सांगा," तिने आरोग्य खात्याच्या कचेरीतल्या कारकुनाला म्हटलं.

त्याने मान वर केली नाही. "इंग्रजीत मायक्रोबायोलॉजी. झालं समाधान?"

"न्हाय झालं."

"तुला कळायचं नाही ते, बाई."

"कळल्याबिगर मी उठायची न्हाय," म्हणून ती दारातच बसली. येणारे-जाणारे तिला ओलांडून जाऊ लागले.

शेवटी बाटल्या धुणारा शिपाई भागोजी तिच्याजवळ उकिडवा बसला. "बाय, डोळ्यांना दिसत न्हाईत इतके बारीक जीव असतात. पाण्यात, दुधात, आपल्या पोटात. काही गुणाचे. दही लागतं ते त्यांच्यापायी. काही जीव घेणारे. भिंगाखाली ते बघायचे, ओळखायचे, त्यांचा उपयोग कसा करायचा, त्यांना मारायचं कसं ते शोधायचं. त्या विद्येचं हे नाव."

"आन् आमच्या विहिरीत कुठले?"

भागोजीने नजर खाली केली. "संडासातले. पाणी उकळलं की मरतात."

आवडाबाई उठली ती थेट कारकुनाच्या टेबलाशी. "विहिरीत गू झिरपतोय, पाणी उकळून प्या! इतकंच का न्हाय लिवलंस? माझ्या हातानं पाजलं रे मी पोरीला!"

तिचा आवाज ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग नवा कागद त्यांनी स्वतः कारकुनाला लिहायला सांगितला, तिच्याच शब्दांत. फक्त 'गू'चा 'मैला' झाला.

शाळेच्या मास्तरांनी तो देवळापुढे वाचला. धर्माजी म्हणाला, "मला काय ठाऊक? तो शब्दच तसला."

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं होतंस," आवडाबाई म्हणाली. "मी विचारलं होतं."

ती पहार घेऊन चालू लागली. मागून चार बायका निघाल्या. संडासाची भिंत पाडून त्यांनी खड्डा चुन्याने बुजवला. धर्माजी आडवा आला नाही, पण माफीही मागितली नाही. विहीर उपसली, औषध टाकलं, साथ पावसाळा सरता सरता ओसरली.

पुढे मासळी विकताना प्रत्येक दारात ती आधी विचारायची, "पाणी उकळता का?" हसणाऱ्याला ती बोंबलाचा तुकडाही विकत नसे.

एका सकाळी धर्माजीची बायको सोनूबाई दाराशी येऊन उभी राहिली. धाकटीला ताप होता. पाणी किती वेळ उकळायचं, तिने खालमानेने विचारलं.

आवडाबाईने तिला घरात बोलावलं नाही. "बुडबुडे आल्यावर धा मिनिटं," ती म्हणाली. "वर झाकण ठेव. आन् पोरीला आजच्या आज दवाखान्यात ने."