रंगाखालचा पत्रा

‘चालते’ हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. कोणी म्हटलं, "मॅडम, चालते न एवढं," की ती हातातलं काम खाली ठेवायची, कमरेवर हात घ्यायची आणि विचारायची, "कोनाच्या घरी चालते?" आणि उत्तर येईपर्यंत हलायची नाही. तुमच्याही कामाच्या ठिकाणी अशी एखादी बाई असेल. नसेल तर तुमचं नशीब फुटकं, दुसरं काय म्हणू?

अमरावतीच्या एमआयडीसीत आम्ही हवेच्या टाक्या बनवतो. पंक्चरच्या दुकानात तांबडी टाकी असते न, ती. सपाट पत्रा प्रेसखाली दाबून त्याची खोलगट ताटली करायची आणि अशा दोन ताटल्या टाकीच्या दोन टोकांना वेल्ड करायच्या. प्रेस माझ्याकडे. ताटलीच्या वळणावर पत्रा ताणला जातो, पातळ होतो, कधी आतल्या आत विरतो. वरून मात्र गुळगुळीत. आतलं पाहायला ही बाई होती. वळणावर जेल लावायची, त्यावर पेनाएवढा प्रोब टेकवायची. आपल्याला ऐकू न येणारा आवाज पत्र्यात जाऊन परत यायचा आणि स्क्रीनवर जाडी उमटायची.

पोट्टे चिडवायचे, "काय मॅडम, सोनोग्राफी करून राहिले का? पोरगा हाय का पोरगी?"

"दोष हाय पोटात. बापाले बोलवा."

बाप म्हणजे मी. मग मी जायचो आणि सगळ्यांसमोर बोलणी खायचो. "भाऊ, पत्रा हाय तो, पोळीची कणीक नाही. किती ताणता?" राग यायचा मला, खोटं कशाला बोलू. पण प्रेसची डाय, म्हणजे साचा, घासली गेली आहे हे मशीनच्या आधी तिला कळायचं, आणि ती दुरुस्त होईपर्यंत ती मालकाच्या डोक्यावर बसायची. माझ्या डोक्यावरचं ओझं तेवढं कमी व्हायचं.

मूळची तेल्हाऱ्याची, राहायला बडनेऱ्याला. स्कूटीवर यायची आणि गेटवरच वॉचमनशी पहिलं भांडण उरकायची. माझ्या बायकोचं ऑपरेशन अकोल्याला होतं तेव्हा सुट्टी काढून आली. डबा माझ्या हातात दिला, वॉर्डात गेली आणि पंखा बंद का म्हणून तिथल्या माणसावर जी सुटली! बाप्पा बाप्पा! अर्ध्या तासात पंखा फिरायला लागला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी माझ्या बायकोला म्हणाली, "तुयी नणंद लय खट हाय व माय." बायको म्हणाली, "हो, हाय." तेव्हापासून ती आमच्या घरात नणंदच झाली.

तर अशा बाईच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघाला आमचा मालक. त्यानं स्वस्तातला पत्रा आणला. बाई एकामागून एक ताटली बाजूला काढायला लागली. दोन दिवसांनी हुकूम आला: आधी रंग, मग तपासणी.

यातली हरामखोरी समजून घ्या. रंगात आवाज लोखंडापेक्षा हळू चालतो. त्या साध्या मशीनला रंग कळत नाही, ते सगळं लोखंडच धरतं. जाड रंग फासला की पातळ पत्राही आकड्यात जाड होतो.

तिनं पहिल्या टाकीवर प्रोब टेकवला. आकडा झकास. दुसरीवरही झकास. पॉलिश पेपर घेऊन तिनं वळणावरचा रंग घासून काढला, पुन्हा मोजलं आणि तशीच ऑफिसात गेली. आतलं बोलणं अख्ख्या शेडनं ऐकलं.

"रंगानं पत्रा जाड होते काय जी?"

"मॅडम, आजपर्यंत आपली एक तरी टाकी फुटली का?"

"फुटायची वाट पाहून राहिले का तुमी?"

"गाडी संध्याकाळी निघेल. तुम्ही सही करा."

ती बाहेर आली. सही नाही केली. एकेका टाकीचा रंग घासला, मोजलं, आणि जी जी पातळ निघाली तिच्या वळणावर ड्रिलनं आरपार भोक पाडलं. "भरा आता हवा," म्हणत पुढच्या टाकीकडे. मालक धावत आला, "तुमच्या बापाची टाकी हाय काय?" म्हणून ओरडला.

"नाही. पंक्चरवाल्याच्या पोरायच्या बापाची हाय," ती म्हणाली, आणि ड्रिल पुन्हा सुरू केलं.

त्याच दिवशी तिला काढलं. शिवाय गेटवर तिची पर्स उघडून तपासली, चोर असल्यासारखी! ज्या वॉचमनशी ती रोज भांडायची त्याच्याच्यानं ते पाहवेना, त्यानं मान फिरवली. मालकानं वेल्डरला भोकं बुजवायला सांगितली. तो म्हणाला, "मॅडमनं पाडलेलं माह्या हातून बुजत नाही." टाक्या भंगारात गेल्या. पण एमआयडीसीभर बोभाटा झाला की बाई भांडखोर आहे, माल नासवते. अकोल्यात काम विचारायला गेली तर मालकाचा फोन तिच्याआधी पोचलेला. आता तेल्हाऱ्याला भावाकडे असते. इकडे तिचं मशीन कोणीही हातात घेतो, आणि रंगावरूनच मोजतो.

मागच्या महिन्यात वरूडचा एक व्यापारी टाक्या घ्यायला आला. मालकानं मला नमुना घेऊन ऑफिसात बोलावलं. भिंतीवर नवी फ्रेम होती. तीच बाई, टाकीवर प्रोब धरलेली, कपाळाला आठ्या. खाली सोनेरी अक्षरांत ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ह्या मॅडम कुठी हायेत? भेटलो असतो," व्यापारी म्हणाला.

"रजेवर आहेत," मालक म्हणाला.

"काढलं त्यायले," मी म्हणालो. "पातळ टाक्यायले भोकं पाडली म्हनून."

व्यापाऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला, समोरच्या टाकीच्या वळणावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "मंग हिचं काय?"

"मले माहीत नाही," मी म्हणालो. "सांगनारी आता नाही आमच्याकडे."